आपलं एक मत असावं

आधी व्युत्पत्ती, कारण ती तुमच्या फार सोयीची आहे. 'मत' हे संस्कृतातल्या 'मन्' धातूचं भूतकाळी रूप. मन् म्हणजे विचार करणे. मत म्हणजे विचार करून झालेलं. कोणी केला, कधी केला, याची चौकशी शब्द करत नाही. काम उरकलेलं आहे, तुम्ही फक्त बोलायचं.

निवडणुकीतल्या मताशी मात्र गल्लत करू नका. ते द्यायला वयाची 18 वर्षं भरावी लागतात (1989पर्यंत तर 21), यादीत नाव असावं लागतं, बोटाला शाई लागते आणि वर ते गुप्त ठेवायचं. तुमच्या मताला यातलं काहीच नको. उलट 2013पासून मतदान यंत्रावर 'नोटा' आलाय, तो चहाच्या टेबलावर चालत नाही. 'मला यातलं कळत नाही' असं एकदा म्हणून बघा. लोक तब्येतीची चौकशी करतात.

वेळ तर अजिबात दवडू नका. संसदेला राज्यघटना कितपत बदलता येते, हे ठरवायच्या केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 13 न्यायाधीशांनी 68 दिवस युक्तिवाद ऐकले आणि 1973 साली निकाल लागला, तोही 7 विरुद्ध 6! तुमचं राज्यघटनेवरचं मत लिफ्ट येईपर्यंत तयार हवं.

सरावासाठी सोसायटीची सभा उत्तम. आमची गच्चीवरची टाकी रात्र रात्र वाहत होती. प्लंबर तासभर वर बसून आला, पाना हातात तसाच, आणि म्हणाला, "बॉलकॉक गेलाय." संपलं असतं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "माझं प्रामाणिक मत सांगू?" (नुसतं 'मत' कधी म्हणू नये, 'प्रामाणिक' लावावं. अंगाशी आलं तर तेच 'वैयक्तिक' होतं.) "टाकी मुळातच चुकीच्या दिशेला बांधलीये."

'मुळातच' पाठ करून ठेवा. त्या शब्दापुढे बॉलकॉकची काय टाप? गुडघ्यांमुळे काका सहा वर्षांत गच्चीवर गेलेले नाहीत, पण त्याने मताला बळकटीच येते. वर जाऊन बघितलं की माणूस बिचकतो. मग ईशान्य की नैऋत्य यावर पाऊण तास. दोन गट पडले, बिस्किटं संपली. प्लंबर दाराशी उभाच. त्याला कोणी मत विचारलं नाही, कारण त्याच्याकडे नुसती माहिती होती.

राहता राहिलं मतपरिवर्तन. ते करावं, पण कबूल करू नये. चार दिवसांनी प्लंबरने गुपचूप बॉलकॉक बदलला, टाकी वाहायची थांबली. संध्याकाळी काकांनी मला जिन्यात गाठलं.

"बघितलंत? पहिल्या दिवसापासून ओरडतोय, बॉलकॉक बदला म्हणून. ऐकतंय कोण!"