शून्यानं भागायचं का नाही? काल रात्री कट्ट्यावर

काल नऊच्या सुमारास आमच्यातल्या मास्तरांनी सहज सांगितलं की आठवीतल्या एका पोरीनं विचारलं, सर, पाचला शून्यानं भागलं तर काय येतं, आणि तिथून जे सुरू झालं ते टपरीवाल्यानं स्टोव्ह बंद केला तरी संपलं नाही.

वायरमन म्हणाला, अनंत येतं, आम्हाला शाळेत तेच सांगितलेलं. मास्तर म्हणाले, उलटं करून बघ ना, असा कुठला आकडा आहे ज्याला शून्यानं गुणलं की पाच येतात? नाहीच. आणि शून्य भागिले शून्य म्हणशील तर तिथं कुठलाही आकडा चालतो. म्हणजे एकीकडे उत्तरच नाही आणि दुसरीकडे उत्तरांची नुसती जत्रा, दोन्ही दुखणी वेगळी आहेत, लोक एकाच पोत्यात भरतात.

दादा लगेच भास्कराचार्यांवर आले. त्यांनी बीजगणितात शून्यानं भागलेल्या राशीला खहर म्हटलंय, त्यात काही मिळवा काही काढा, ती बदलत नाही, जसं सृष्टी झाली काय नि प्रलय झाला काय, अच्युताला फरक पडत नाही. दादांचं म्हणणं, बघा, गणित आणि विश्व एकच आहे हे आपल्याकडे तेव्हाच माहीत होतं. मला ती उपमा फार आवडते, पण उपमा म्हणजे पुरावा नाही हे मी तिथंच बोललो. खरी कमाल त्यांच्याच लीलावतीतल्या गणितात आहे. एक संख्या शून्यानं गुणा, जे येईल त्यात त्याचंच निम्मं मिळवा, तिनानं गुणा, शून्यानं भागा, 63 येतात, तर संख्या कुठली? उत्तर 14. आजच्या नियमानं हे बसत नाही, पण शून्याच्या जागी अगदी बारीक आकडा ठेवला की वरचा खालचा कटतो आणि 14 च येतात. पुढं कॅल्क्युलसमध्ये, म्हणजे अगदी बारीक बदलांच्या गणितात, जे नीट मांडलं गेलं त्याचा वास 1150 सालच्या पुस्तकात येतो, माझ्या अंगावर काटा येतो खरंच.

मग वायरमननं जे काढलं ते मला सगळ्यात पटलं. म्हणाला, करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स, म्हणजे वायरीचा विरोध. शॉर्ट झालं म्हणजे रेझिस्टन्स शून्य, मग 230 भागिले शून्य, करंट अनंत यायला पाहिजे, येतो का? नाही येत, कारण वायरीचा, ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा थोडा रेझिस्टन्स असतोच, एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा स्विच, पडतो नाहीतर वायर वितळते. म्हणजे निसर्गानं शून्यानं भागलंच नाही, आपण सूत्रात काहीतरी धरायचं विसरलो.

दादा गप्प बसणारे नाहीत. म्हणाले, मग त्या भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकचं काय? 1928 ला समीकरण मांडलं, त्यातून इलेक्ट्रॉनचा उलट्या चार्जचा जोडीदार निघाला आणि 1932 ला तो प्रयोगात सापडला, कागदावरचं गणित विश्वाला आधीच कसं माहीत? याला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून तर गणित हा नुसता आपला हिशोब आहे असं मी म्हणत नाही. पण समीकरणात शून्य खाली आलं की लगेच विश्वाला भोक पडलं म्हणणंही चूक. 1916 ला श्वार्झशिल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांचं, एका गोल वस्तुमानाभोवतीचं, जे उत्तर छापलं त्यात दोन ठिकाणी असा भागाकार येतो. एक केंद्रात, दुसरा बाहेर, सूर्याएवढ्या वस्तुमानाला साधारण 3 किलोमीटरवर. हा बाहेरचा खरा नव्हताच, जागा मोजायची पद्धतच तशी निवडलेली, उत्तर ध्रुवावर सगळी रेखावृत्तं एकत्र येतात आणि तिथलं रेखांश सांगता येत नाही तसं. 1933 ला लमेत्र या शास्त्रज्ञानं ते दाखवलं. केंद्रातला मात्र पद्धत बदलून जात नाही.

वायरमन चपला घालताना म्हणाला, मग तिथं वायरीचा रेझिस्टन्स कोणता धरायचा राहिलाय?

मास्तर म्हणाले, बहुतेकांना वाटतं क्वांटम, म्हणजे अणूंच्या पातळीवरचे नियम, पण ते आणि गुरुत्वाकर्षण एका सूत्रात बसवणं अजून कुणाला पूर्ण जमलेलं नाही. दादा पुन्हा खाली बसले.