मुदतीचं शहाणपण

सिस्को या कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राची परीक्षा १२० मिनिटांची असते. पण मुंबईत ती घरून द्यायची ठरवलीत, तर तिच्याआधी आणखी एक परीक्षा पास व्हावी लागते: दोन-अडीच तास कोणी येणार नाही, बोलणार नाही, डोकावणार नाही अशी खोली मिळवणं. घरून देण्याच्या परीक्षेची नियमावली वाचली की मला नेहमी वाटतं, ती लिहिणाऱ्याने वन रूम किचन फक्त नकाशात पाहिलं असावं. खोलीचे चारही बाजूंनी फोटो पाठवा. टेबलावर काही नको. जास्तीचा मॉनिटर बंद. मनगटावरचं घड्याळ उतरवा. फोन हात पुरणार नाही इतका लांब. आणि परीक्षा चालू असताना दुसरं कोणी खोलीत आलं, तर पर्यवेक्षक तिथल्या तिथे परीक्षा थांबवू शकतो. मग फी गेली.

आता सकाळी अकरा ते एक ही डोंबिवलीतल्या साध्या फ्लॅटमधली वेळ डोळ्यांसमोर आणा. कुरिअर, गॅसवाला, टाकी धुणार असल्याची सोसायटीची सूचना आणि वरच्या मजल्यावर टाइल्सचं काम. कुकरची शिट्टी नियमांच्या दृष्टीने माणूस नाही. पण दार किलकिलं करून "झालं का रे? पोहे गार होतायत" म्हणणारी आई नियमांच्या दृष्टीनेही माणूसच आहे. फी तीनशे डॉलर, वर कर. पोहे मात्र पुन्हा गरम करता येतात. हे आईला आदल्या रात्री समजावून सांगायचं, दारावर कागद चिकटवून भागत नाही.

सगळ्यात जाचक नियम पुटपुटण्याचा. प्रश्न मोठ्याने वाचायचा नाही, ओठही हलवायचे नाहीत. ज्यांचं सगळं गणित 'बे एके बे' म्हणत झालं, त्यांनी सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडायचा हिशेब, तोंड मिटून कसं करायचं? १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२ हा पाढा ओठ न हलवता म्हणता येत असेल तरच घरून परीक्षा द्या. नाहीतर सरळ केंद्रात जा. तिथे पुसता येणारा बोर्ड आणि मार्कर मिळतो, तो घ्या आणि वेळ सुरू झाल्याबरोबर हाच पाढा त्यावर लिहून टाका. नंतर घाबरल्यावर २४०च्या पुढे काय ते आठवत नाही. रविवारचा स्लॉट शक्यतो घेऊ नका. मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारी वाचून उपयोग नसतो, कारण तारीख बदलायला किमान २४ तास आधी सांगावं लागतं.

नावाचा घोळ वेगळाच. परीक्षेच्या नोंदणीत दोन रकाने: पहिलं नाव, शेवटचं नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, आणि वडील कधी पहिल्या नावाला चिकटलेले, कधी गायब. लग्नानंतर पॅन बदललेलं असतं, पासपोर्ट बदललेला नसतो. केंद्रावरच्या माणसाला या कौटुंबिक इतिहासात रस नसतो. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं पाहिजे, बस. म्हणून आधी कुठलं ओळखपत्र न्यायचं ते ठरवा, ते समोर ठेवा आणि त्यावरची अक्षरं जशीच्या तशी नोंदणीत भरा. पैसे त्यानंतर.

मार्कांचंही आपल्या घरात पटणारं काही नाही. किती गुणांना पास, हे सिस्को जाहीर करत नाही. पडद्यावर पास किंवा नापास एवढंच उमटतं. वडिलांचा "किती पडले?" हा प्रश्न रास्त असतो आणि त्याचं उत्तर 'पास' असं दिलं की ते "कितीपैकी?" विचारतात. शिवाय मागे जायची सोय नाही. 'अवघड प्रश्न सोडा, शेवटी त्याकडे वळा' ही बोर्डाच्या परीक्षेतली युक्ती इथे शून्य कामाची. उत्तर दिलं, पुढे गेलात, तो प्रश्न गेला. नापास झालात तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पूर्ण फी भरून.

अभ्यासाला लागल्यावर बहुतेक जण नेटवर्क समजावणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात थर घोकतात आणि सबनेटिंग 'नंतर बघू' म्हणतात. उलट करा. पेपरात आयपी कनेक्टिव्हिटीचा, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट काढण्याचा, वाटा २५ टक्के आहे, आणि सबनेट काढता आला नाही तर तो सगळाच अडतो. उदाहरण घ्या: १९२.१६८.१०.७७, आणि मास्क /२७, म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २७ नेटवर्कचे. शेवटच्या आकड्यातले ३ बिट नेटवर्कला गेले, म्हणजे २२४. २५६ वजा २२४, उरले ३२. आता ३२च्या उड्या मारा: ०, ३२, ६४, ९६. ७७ हा ६४ आणि ९६च्या मधे. नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता) ९५, वापरायला ६५ ते ९४ असे ३० पत्ते. हे मिनिटाच्या आत जमलं पाहिजे. लोकलमध्ये उभ्याने, समोरच्याच्या बॅगेखाली हात अडकलेला असताना जमलं तर परीक्षेत नक्की जमतं.

प्रत्यक्षात काय बिघडतं? कोणीतरी मशीनवर सवयीने २५५.२५५.२५५.० टाकतं. गेटवे (सबनेटबाहेर जायचं दार) ६५ असला की इंटरनेट व्यवस्थित चालतं, फक्त शेजारच्या सबनेटमधला, १०० नंबरचा प्रिंटर सापडत नाही, कारण मशीनला वाटतं तो आपल्याच खोलीत आहे आणि ते गेटवेला विचारतच नाही. राउटरवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्या सबनेटमधल्या यंत्राच्या वतीने राउटरने उत्तर देणं) चालू असेल तर प्रिंटरही सापडतो आणि चूक वर्षभर झाकलेली राहते. मग एक दिवस नवा माणूस येऊन सुरक्षेसाठी प्रॉक्सी एआरपी बंद करतो आणि सगळं ऑफिस त्याच्या नावाने खडे फोडतं.

सरावाला सिस्कोचा पॅकेट ट्रेसर हा नेटवर्कची नक्कल करणारा प्रोग्रॅम फुकट आहे आणि सीसीएनएपुरता तो पुरतो. तरीही प्रत्येकाला कधी ना कधी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जुना स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारं खोकं) घेण्याची लहर येतेच. जरूर घ्या, फक्त दुकानातच चालू करून बघा. जुन्या मालकाचा पासवर्ड आत असतो. सिस्कोच्या २९६० मालिकेचा स्विच असेल तर पुढचं मोड बटण दाबून धरून वीज द्यायची, फ्लॅश मेमरी सुरू करायची, कॉन्फिगच्या (सेटिंगच्या) फाइलचं नाव बदलायचं आणि बूट करायचं. त्यासाठी लॅपटॉपवरून स्विचशी थेट बोलायची कन्सोल केबल लागते. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, फ्लो कंट्रोल नाही. पडद्यावर अगम्य चिन्हं आली तर स्विच बिघडलेला नाही, वेग चुकलाय. नव्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, म्हणून यूएसबीची केबल घ्यावी लागते, आणि तिच्यातली चिप नकली निघाली तर विंडोजचा नवा ड्रायव्हर तिला ओळख दाखवत नाही. स्विचच्या पंख्याचा आवाज रात्री किती मोठा वाटतो, हे दुकानात कळत नाही. घरच्यांना कळतं.

केबल क्रिंप करायला, म्हणजे तिच्या टोकाला प्लग बसवायला, मात्र हातानेच शिका. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याची जोडी मधे आणि हिरव्याची तिच्या दोन्ही बाजूंना का, असं वाटून काही हुशार लोक जोड्या शेजारी-शेजारी लावतात. दोन्ही टोकांना सारखंच लावलं तर स्वस्तातल्या टेस्टरचे आठही दिवे लागतात. पण ३ आणि ६ नंबरच्या पिना वेगवेगळ्या पिळाच्या तारांवर गेल्या, की सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि लांब केबलवर लिंक रडायला लागते. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली की गिगाबिटची लिंक बहुधा १०० मेगाबिटवर येते. तक्रार 'नेट स्लो आहे' अशी येते आणि सगळे सेवा पुरवठादाराला फोन लावतात.

स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विच एकमेकांना गोल जोडले तरी वाहतूक चकरा मारत राहू नये म्हणून त्यांनी आपसात ठरवलेली वाट, हा माझा आवडता धडा. सगळ्या स्विचची प्रायॉरिटी मुळात ३२७६८. कोणी ती बदलली नाही, तर सगळ्यात लहान मॅक पत्त्याचा (कारखान्यातून येणाऱ्या क्रमांकाचा) स्विच रूट, म्हणजे कुटुंबप्रमुख, होतो, आणि लहान मॅक बऱ्याचदा सगळ्यात जुन्या खोक्याचा असतो. म्हणजे एकत्र कुटुंबात जसं थकलेल्या आजोबांना विचारल्याशिवाय पान हलत नाही, तसं तळमजल्यावरच्या धूळ खाल्लेल्या स्विचला वळसा घालून साऱ्या इमारतीची वाहतूक जाते. उपाय एका ओळीचा: मुख्य स्विचचा प्रायॉरिटीचा आकडा स्वतः कमी करा, लहान आकडा जिंकतो. तो कोणी करत नाही, कारण सगळं 'चालतंय'.

दुसरी ओळ अशी, की जिच्यामुळे रात्री दोन वाजता फोन वाजतात. ट्रंकवर, म्हणजे दोन स्विचमधल्या सामाईक दुव्यावर, एक नवा व्हीलॅन (त्याच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) वाढवायचा असतो. 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन'च्या पुढे 'अ‍ॅड' लिहायचं राहिलं, तर नवा व्हीलॅन वाढत नाही. आधीचे सगळे जातात आणि तो एकटा उरतो. त्यात तुम्ही लांबून, त्याच ट्रंकवरून आत शिरलेले असाल तर तुमचीही वाट बंद. शहाणी माणसं आधी चालू कॉन्फिग सेव्ह करतात, 'रीलोड इन १०' देऊन ठेवतात आणि मग हात लावतात. बिघडलं तर दहा मिनिटांत स्विच आपोआप जुन्या कॉन्फिगवर येतो. सगळं नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल' द्यायचं. हे द्यायला विसरणं हा या उपायाचा एकमेव दोष.

डम्प्सबद्दल बोलणं आलंच. जुन्या प्रश्नांच्या पीडीएफ दादरपासून विरारपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या मोबाइलमध्ये असतात. परीक्षेआधी गोपनीयतेच्या करारावर मान्यता द्यावी लागते आणि तो मोडल्याचं आढळलं तर प्रमाणपत्र काढून घेतलं जाऊ शकतं. तो भाग बाजूला ठेवा. मुलाखतीत समोरचा विचारतो, "पिंग होतंय, साइट उघडत नाही. काय बघशील?" पीडीएफमध्ये याचे चार पर्याय दिलेले नसतात. नावाने पिंग केलंस की आकड्याने? ४४३ पोर्ट, म्हणजे सुरक्षित साइटचं दार, उघडा आहे का? मधे प्रॉक्सी आहे का? डेटाची मोठी पाकिटं अडतायत का? ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतल्या नाइट शिफ्टला माणूस घेताना एवढंच बघतात. प्रमाणपत्राचं काम तुमचा अर्ज एचआरच्या चाळणीतून खाली पाडणं. त्या कामासाठी मात्र ते घ्याच, तिथे दुसरं काही चालत नाही.

पास झाल्याची बातमी सोसायटीत पसरली की पहिली नेमणूक बिनपगारी: "आमच्या बेडरूममध्ये वायफाय येत नाही, जरा बघतोस?" बघायचं काय, तर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११; आणि इमारतीतले राउटर चाळीस. ५ गिगाहर्ट्झ चालू करा, राउटर टीव्हीच्या मागून बाहेर काढा. काकूंना तो तिथे दिसायला नको असतो, ही खरी अडचण.

वेब डेव्हलपमेंटकडे वळलात तर माझा सल्ला बरोबर उलटा: प्रमाणपत्रावर पैसे घालवू नका. मायक्रोसॉफ्टची एचटीएमएल-५ आणि जावास्क्रिप्टची ७०-४८० ही परीक्षा एके काळी लोक बायोडेटात ठळक अक्षरांत लिहीत. ती बंद झाली. डब्ल्यू-थ्री-स्कूल्स प्रमाणपत्र विकतं, पण वेबचे मानक ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीशी त्याचा काही संबंध नाही, आणि हे एचआरला सांगायला जाऊ नका. शिकायचंच तर फ्रीकोडकँप फुकट आहे. मुलाखत घेणारा लिंक मागतो, चालणारी.

ती लिंक स्वस्तातल्या अँड्रॉइडवर, कुर्ला ते घाटकोपर गर्दीच्या वेळी उघडून बघा. वरचा फोटो चार एमबीचा असेल तर घाटकोपर येतं, फोटो येत नाही. मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा आणि दाबलेल्या बटणाने २०० मिलिसेकंदांत दाद द्यायला हवी, अशी गूगलची अपेक्षा आहे. मराठी साइट असेल तर अक्षरांमधलं अंतर वाढवायच्या फंदात पडू नका, शिरोरेषा तुटते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायला यूटीएफ-८-एमबी-४ घ्या. नुसत्या जुन्या यूटीएफ-८मध्ये देवनागरी मावते, पण कोणी नावापुढे इमोजी टाकला की नोंद अडते. आणि नावाच्या फॉर्मला पहिलं-शेवटचं असे दोन रकाने करू नका. पूर्ण नावाचा एक पुरे.

राहिली मुदत. सीसीएनए तीन वर्षं. त्याआधी पुन्हा परीक्षा द्या किंवा सिस्कोचे शिक्षणाचे ३० क्रेडिट जमवा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे एडब्ल्यूएसचीही तीनच. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची प्रमाणपत्रं वर्षभराची, नूतनीकरण मात्र ऑनलाइन आणि फुकट. ज्यांनी मायक्रोसॉफ्टच्याच एमसीएसई या प्रमाणपत्रावर जवानी घातली त्यांना २०२१च्या जानेवारीत ती शाखाच बंद झाल्याचं कळलं. या सगळ्यांच्या वर सिस्कोची सीसीआयई, आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा. ती पास होणाऱ्यांना मिळणाऱ्या क्रमांकांतला पहिला, १०२४, माणसाला न देता प्रयोगशाळेलाच दिला होता, आणि निदान तिच्यावर कोणी डम्प्सचा संशय घेतला नाही.

खातं उघडताना ईमेल स्वतःचा द्या, कंपनीचा नको. नोकरी बदलली की मुदत संपत आल्याचे मेल जुन्या कंपनीच्या बंद खात्यात साठत राहतात, पासवर्ड बदलायची लिंकही तिकडेच जाते, आणि ती उघडून देण्यासाठी ज्या आयटीवाल्याला गाठायचं, त्याच्याशी निघताना लॅपटॉपच्या चार्जरवरून वाजलेलं असतं.