‘कंसात घाला, प्रश्नचिन्ह लावा’ एवढ्याने लॉग पार्स होत नाही

रेजेक्स (मजकुरात शोधायचा नमुना, म्हणजे पॅटर्न) वापरून लॉग पार्स करायला, म्हणजे प्रोग्रॅमने लिहिलेल्या नोंदींमधली फील्ड वेगळी काढायला, शिकणाऱ्यांना एक सल्ला सर्रास मिळतो: एखादं फील्ड कधी येतं, कधी येत नाही? मग ते कंसात घालून पुढे ? (असलं तर घ्या, नसलं तर सोडा) लावा, मधल्या मजकुराला .*? (कोणतीही अक्षरं, शक्य तितकी कमी) द्या, झालं काम. फील्ड असेल तर मिळेल, नसेल तर रिकामं येईल, आणि .*? कमीत कमी खातं, म्हणून वेगाचीही चिंता नको. यातलं एकही विधान डोळे मिटून धरण्यासारखं नाही.

‘असेल तर मिळेल’ हेच आधी तपासू. ओळ अशी:

ऑर्डर=४५२१ युजर=८८

पॅटर्न असा:

ऑर्डर=.*?( युजर=.*)?

युजर समोर दिसतोय, तरी हाती काही लागत नाही. .*? आधी शून्य अक्षरं घेतं. इंजिन (पॅटर्न जुळवून पाहणारा प्रोग्रॅम) ‘४’पाशी युजर शोधतं, तो तिथे नसतो, पण ग्रुप (कंसातला भाग) ऐच्छिक आहे, म्हणून तो सोडून देऊन मॅच झाली असं सांगतं. मॅच फक्त ‘ऑर्डर=’ एवढीच! एररही येत नाही, हे सगळ्यात वाईट. आमच्या एका रिपोर्टमध्ये सगळ्या ऑर्डरी अशाच बिनयुजरच्या आल्या आणि दोन दिवस आम्ही डेटाबेसमध्ये चूक शोधत होतो. त्यापेक्षा हे लिहा:

^ऑर्डर=([^ ]+)( युजर=([^ ]+))?$

[^ ]+ म्हणजे स्पेस सोडून एक किंवा जास्त अक्षरं. ^ आणि $ ने ओळीची दोन्ही टोकं बांधली की ओळ पूर्ण जुळते, नाहीतर अजिबात जुळत नाही. न जुळलेल्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये टाका. उद्या कोणी नवं फील्ड घुसवलं तर तिथेच कळेल.

‘नसेल तर रिकामं’ हेही सरसकट नाही. पायथनमध्ये वगळलेल्या ग्रुपचं None (‘काहीच नाही’) मिळतं. रिकामी स्ट्रिंग समजून त्यावर स्ट्रिप (कडेच्या स्पेस काढणं) चालवलं की प्रोग्रॅम कोसळतो. शिवाय अपाची या वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये फील्ड गायब होतच नाही: लॉगिन नसेल तर युजरच्या जागी ‘-’ येतो, ३०४ (‘पान बदललेलं नाही’) उत्तराच्या साइझच्या जागीही ‘-’. तिथे ? नकोच, ‘आकडे किंवा -’ असा पर्याय द्या.

राहिला वेग. .*? फक्त प्रयत्नांचा क्रम बदलतं; ओळ जुळणारच नसेल तर बॅकट्रॅकिंग करणारं (जुळलं नाही की मागे येऊन दुसरी वाट बघणारं) इंजिन सगळ्या शक्यता चाळतंच. २ जुलै २०१९ ला अनेक वेबसाइटचा ट्रॅफिक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या एका नियमातल्या .*.*=.* अशा तुकड्याने सीपीयू खाल्ला आणि असंख्य साइट सुमारे २७ मिनिटं ५०२ (सर्व्हरच्या बिघाडाची) एरर देत राहिल्या. तिथे .*? असतं, तरी न जुळणाऱ्या मजकुरावर खेपा तेवढ्याच झाल्या असत्या. वरच्या पॅटर्नमधलं [^ ]+ स्पेसपाशी थांबतं, त्यामुळे त्याच अक्षरांवर दोन तुकडे हक्क सांगत नाहीत.