आधी चंद्र हे ठीक, पण चंद्राची पृथ्वी होणार नाही

मुंबईतील गृहसंकुलांच्या आणि शाळांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: चंद्र तीन दिवसांच्या अंतरावर आहे, चांद्रयान-३ ने तिथे पाणी शोधले आहे, आणि चंद्र मंगळापेक्षा लहान असल्याने त्याच्याभोवती हवा तयार करणे सोपे आहे, म्हणून आधी चंद्राला पृथ्वीसारखे करावे, तिथे सरावलेली माणसे पुढे मंगळही सहज वसवतील. आधी चंद्र आणि मग मंगळ हा क्रम मलाही पटतो. मात्र त्यासाठी दिलेली कारणे बहुतेक चुकीची आहेत, आणि बंदिस्त तळ उभारून राहणे व एखाद्या गोलाचे हवामानच पालटून टाकणे, म्हणजे टेराफॉर्मिंग, या दोन वेगळ्या गोष्टींची त्यात सरमिसळ झाली आहे.

अंतराचा मुद्दा त्यातल्या त्यात बरा आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ तीन दिवसांत चंद्राजवळ पोहोचले होते. चांद्रयान-३ ला ४० दिवस लागले, कारण मोठ्या अग्निबाणाऐवजी कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा काटकसरीचा मार्ग इस्रोने निवडला होता. पण चंद्राचा खरा फायदा वेळापत्रकाचा आहे. मंगळाकडे निघण्याची अनुकूल वेळ साधारण २६ महिन्यांनी एकदा येते आणि प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात, तर चंद्राकडे दर महिन्याला यान पाठवता येते. चंद्रावरचा संदेश सव्वा सेकंदात पृथ्वीवर पोहोचतो. मंगळावरून येणाऱ्या संदेशाला ३ ते २२ मिनिटे लागतात. प्राणवायूचा पंप बिघडला असता हा फरक जिवावर बेतू शकतो. मात्र एखादी जागा जवळ आहे म्हणून तिचे हवामान बदलणे सोपे होत नाही, आणि व्हॉट्सॲपवरचा संदेश नेमकी तिथेच उडी मारतो.

पाण्याच्या दाव्यात आधी यानाचे नावच चुकले आहे. चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले, ते २००८ साली सोडलेल्या चांद्रयान-१ वरील नासाच्या एम-३ या उपकरणाच्या नोंदींवरून. त्याच यानावरील मिनी-सार या रडारच्या आधारे उत्तर ध्रुवाजवळच्या चाळीसहून अधिक विवरांत किमान ६० कोटी टन बर्फ असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. आकडा भव्य वाटतो. पण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे, हे आपण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत वाचतो. त्या मापाने हा सगळा बर्फ ६ लाख दशलक्ष लिटर, म्हणजे तलावांच्या निम्म्याहूनही कमी भरतो. शिवाय तो सूर्यप्रकाश कधीच न पोहोचणाऱ्या, उणे दोनशे अंशांच्या आसपासच्या विवरांत आहे, आणि या शहरासारखा भातसा-वैतरण्याचा भरवसा तिथे कोणी दर जूनला देणार नाही. काही शे माणसांच्या तळाला, पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून वापरल्यास, एवढा साठा उदंड आहे. नद्या आणि समुद्र मात्र त्यातून होणार नाहीत.

लहान गोलाभोवती हवा तयार करणे सोपे, हा दावा तर उलटा आहे. हवेचा दाब म्हणजे डोक्यावरच्या हवेच्या स्तंभाचे वजन. पृथ्वीवर समुद्रसपाटीला एका चौरस मीटरवर सुमारे १० टन हवा उभी असते. चंद्राचे गुरुत्व एकषष्ठांश असल्याने तेवढाच दाब मिळवायला तिथे दर चौरस मीटरवर सुमारे ६२ टन हवा लागेल. चंद्राचे क्षेत्रफळ ३.८ कोटी चौरस किलोमीटर धरून हिशेब केला, तर पृथ्वीच्या एकूण वातावरणाच्या जवळपास निम्मे वस्तुमान होते. ते आणायचे कुठून? खडकांत प्राणवायू भरपूर आहे, पण तो खनिजांत जखडलेला आहे. नायट्रोजन आणि कार्बन तर चांद्रमातीत दहा लाखांत शंभराच्या आसपास भाग इतकेच आहेत. अशी हवा तिथे क्षणभरही टिकणार नाही, असे टेराफॉर्मिंगचे विरोधक म्हणतात तेही अतिरंजित आहे, कारण जड वायू निसटायला बराच काळ लागतो. पण टिकण्याचा प्रश्न निर्मितीनंतरचा आहे.

हवा नसल्याचा परिणाम काय, हे चांद्रयान-३ च्या चास्टे या उपकरणाने ऑगस्ट २०२३ मध्ये मोजून दाखवले. पृष्ठभाग ५० अंशांच्या वर तापलेला असताना अवघ्या ८ सेंटिमीटर खोलीवर तापमान उणे १० च्या आसपास होते. चांद्रमाती इतकी उत्तम उष्णतारोधक आहे, म्हणूनच तळ मातीखाली किंवा लाव्हाच्या गुहेत बांधण्याचा विचार शास्त्रज्ञ करतात.

संदेशाच्या शेवटी चंद्रावरच्या भूखंडांची जाहिरातही जोडलेली आहे. १९६७ च्या अंतराळ करारानुसार, ज्यात भारतही आहे, चंद्रावर कोणताही देश मालकी सांगू शकत नाही. मुंबईतील जागेच्या भावांना कंटाळलेल्यांनी तिकडे पैसे गुंतवू नयेत.

राहिला सरावाचा मुद्दा. चंद्रावर शिकलेले सगळे मंगळावर कामी येणार नाही. तिथे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडची विरळ हवा आहे, त्यामुळे उतरण्यासाठी पॅराशूट वापरता येते आणि नासाच्या पर्सिव्हरन्स या मंगळावरील बग्गीवरच्या मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ दरम्यान त्या हवेतून १२२ ग्रॅम प्राणवायू काढूनही दाखवला. चंद्रावर यांपैकी काहीच नाही. मात्र मंगळाचे हवामान बदलण्याएवढा कार्बन डायऑक्साइड तिथेही हाताशी नाही, असा निष्कर्ष शास्त्रज्ञ ब्रूस जकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्स यांनी २०१८ मध्ये काढला. चंद्रावर खरोखर शिकण्यासारखे आहे ते बंदिस्त जगणे: काचेसारख्या धारदार धुळीपासून अंतराळपोशाखाचे सांधे आणि माणसांची फुप्फुसे वाचवणे, प्रारणांपासून आडोसा करणे आणि कमी गुरुत्वात शरीर कसे टिकते ते पाहणे. चंद्राच्या गुरुत्वात माणूस सर्वाधिक राहिला तो डिसेंबर १९७२ मध्ये, अपोलो १७ च्या वेळी, आणि तोही फक्त ७५ तास. तिथे वर्षभर राहिल्यास हाडांचे, स्नायूंचे काय होते हे तपासायला चंद्राला हवा देण्याची गरज नाही. काही मीटर मातीखाली दाबबंद खोल्या पुरतात.