वाटणीतला डबा

सासऱ्यांचा साखर पेठेतला चादरीचा कारखाना बंद झाला, तेव्हा मेव्हण्याला जागा मिळाली, मेव्हणीला माग विकून आलेले पैसे आणि आम्हाला एक करडा लोखंडी डबा. समोर लाल दिवा, तीन काळी बटणं, मागे पंचवीस पिनांचं सॉकेट. नावगाव काही नाही. "बाबांची वस्तू आहे, भंगारात जाणार नाही," हिनं जाहीर केलं. ठीक आहे, पण ज्याच्यामुळे कपाटातला एक अख्खा कप्पा गेला ते आहे तरी काय, एवढं कळावं ही माझी माफक अपेक्षा.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, स्टॅबिलायझर. केबलवाला म्हणाला, बूस्टर. भंगारवाल्यानं हातात तोलून किलोचा भाव सांगितला. खात्रीनं बोलणारा तो एकटाच.

झाकण उघडलं तर आत सुताची पांढरी लव गादीसारखी बसलेली. मी ती ब्रशनं झटकून केरात टाकली. म्हणजे पहिला पुरावा मीच नष्ट केला. खाली चिपा होत्या. एकीवर ८६३२ असा आकडा. मॉडेल नंबर समजून मी दोन रात्री तो शोधत बसलो. इंजिनिअरिंगला असलेला भाचा हसला. "मामा, ही तारीख आहे. १९८६ सालचा बत्तिसावा आठवडा." शेजारच्या चिपेवर झेड-८० लिहिलेलं. सापडलं म्हणून मी उडालोच. पण ही चिप १९७६ पासून वाटेल त्यात बसवत आले. पॅकमॅनचा खेळही तिच्यावरच चालायचा. समोरचा बी.कॉम. आहे हे कळल्यावर तो बँकेत आहे की पानटपरीवर, हे जितकं कळतं तितकंच मला कळलं.

तिसऱ्या चिपेवर कागदी स्टिकर होता. खाली नंबर असेल म्हणून नखानं खरवडला. नंबर नव्हता; काचेची इवलीशी गोल खिडकी होती आणि आत नथीतल्या खड्यासारखं काहीतरी चमकत होतं. खूश होऊन मी स्टिकर फेकून दिला.

"वीज देण्याआधी ओल जाऊ द्या," असं इलेक्ट्रिशियननं बजावलं होतं. मे महिना, सोलापूर. बोर्ड गच्चीवर कुरडयांच्या शेजारी मांडला.

भाच्याला छळत होते ते कडेचे ट्रान्झिस्टर. एका ओळीत, हुबेहूब सारखे, बारा. "आठ असते तर समजलं असतं, सोळा असते तरी चाललं असतं. बारा कशाला?"

त्याचं उत्तर शेंगाचटणी घेऊन आलं. सासऱ्यांकडे जन्मभर, मागावर नक्षी उठवणाऱ्या जेकार्डची भोकाभोकांची कार्डं मारलेले अण्णा दारात उभे. "काय शोधलालाव जावई?"

मी ओळ दाखवली. अण्णांनी मोजली, चष्मा वर सरकवला. "बारा म्हणजे सहाशेचं जेकार्ड की! कार्डावर एका ओळीत बारा भोकं. चारशेला आठ असतात." आणि दोन्ही हातांची बोटं टेबलावर पेटीवाल्यासारखी नाचवली. भोक असलं की हूक उचलतो, धागा वर. नसलं की धागा खाली, अशी चादरीवर फुलं उमटतात. फ्रान्समधल्या जाकारनं १८०४ मध्ये ही युक्ती बसवली, बॅबेजनं ती कार्डं आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात उचलली. माझ्या भाच्याला हे पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. मार्कही मिळाले होते.

"कार्डं मारायच्या मशीनचं डोकं आहे हे," अण्णा म्हणाले. "हे आलं आणि मालकांनी मला घडी घालायला बसवलं. चालू करा, बघू तरी."

लाल दिवा लागला. पुढे काही नाही. भाच्यानं वाकून खिडकीवाली चिप पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. "मामा, हिचा स्टिकर कुठाय? ह्या काचेतून अतिनील किरण सोडून आतला प्रोग्रॅम पुसतात. थेट उन्हात आठवड्याभरात कोरी होते."

मी गप्प. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "कुरडयांबरोबर चांगलं आठ दिवस वाळवलंय, तरी चालेना?"

अण्णांनी डब्यावरून हात फिरवला. "अरेरे," म्हणाले, "ऊन लागलं की ह्याला." तीस-पस्तीस वर्षांत त्यांना इतकं बरं वाटलं नसावं.