एका जमिनीला एकच रंग?

कुठलाही विकास आराखडा उघडा. निवासी भाग एका रंगात, औद्योगिक दुसऱ्या, शेती हिरवी. एका तुकड्याला एक रंग, एकच उपयोग, तोही बारमाही. जमीन असली शिस्त कधी पाळत नाही. पीक निघालं की त्याच रानात जनावरं चरतात, पावसाळ्यात नदी तिथंच पसरते, पाणी मुरतं ते खालच्या गावाच्या विहिरीत निघतं. आराखड्यात क्षेत्रफळ अचूक असतं, पण त्या जमिनीवरून माणसांनी एकमेकांशी जे ठरवून ठेवलंय त्याला रकानाच नसतो. माझा सगळा राग त्यावर आहे.

बालीचं उदाहरण घ्या. तिथं डोंगरउतारावर भातखाचरं आहेत आणि पाणी सांभाळतात 'सुबाक' नावाच्या शेतकऱ्यांच्या संघटना. लावणी कधी करायची ते पाण्याच्या देवळांमधून ठरतं. यात मेख अशी की सगळ्यांनी एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही, आणि ज्याने-त्याने मनाला येईल तेव्हा केली तर किडीला वर्षभर पंगत. म्हणून एका टापूतली खाचरं एकाच वेळी मोकळी ठेवायची, कीड उपाशी मरते. शेजारच्या टापूचं वेळापत्रक पुढेमागे करायचं, पाणी पुरतं. १९७० च्या दशकात हरितक्रांतीवाले आले. लवकर येणारं वाण, जमेल तितक्या वेळा लावा! देवळांचं वेळापत्रक मोडलं. पाण्याची ओढाताण सुरू झाली, तुडतुड्यांनी कहर केला, फवारण्या वाढल्या. पुढे मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थांचे अभ्यासक जेम्स क्रेमर यांनी संगणकावर हे सगळं चालवून पाहिलं. देवळांचं जाळं ज्या पातळीवर मेळ घालत होतं, तिथंच पीक सर्वांत चांगलं येत होतं. तज्ज्ञांना जी नुसती पूजाअर्चा वाटली, ती सिंचनव्यवस्था होती.

सामायिक कुरण उजाड होणारच, असं अमेरिकन पर्यावरण-अभ्यासक गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये ठासून मांडलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावात मात्र १५१७ पासून नियम आहे: हिवाळ्यात जेवढ्या गाई पोसता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात वरच्या कुरणावर न्यायच्या. असल्या व्यवस्थांच्या अभ्यासावरच अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आराखडे करणाऱ्यांपर्यंत ते अजून पोचायचंय.

निसर्गप्रेमी मंडळीही कमी नाहीत. त्यांना माणूस दिसला की कुंपण आठवतं. जपानमध्ये गावालगतच्या 'सातोयामा' रानातून लोक सरपण आणि पालापाचोळा नेत. गॅस आणि रासायनिक खतं आल्यावर ते जाणं थांबलं, रान दाट आणि अंधारं झालं, नि उजेडात वाढणारी कितीतरी फुलं-फुलपाखरं तिथून कमी झाली.

अर्थात लोकांवर सोडलं की सगळं आलबेल, असंही नाही. सुबाक २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि बालीतली खाचरं पर्यटनासाठी विकली जातच आहेत. मधलं एक खाचर बांधकामाखाली गेलं की पाट तुटू शकतो. विकणारा मात्र कायद्याने बरोबर. म्हणून वापर बदलाची परवानगी देताना मालकीच्या कागदासोबत पाटाचा नकाशाही मागवा, आणि त्यावर खालच्या शेतकऱ्यांच्या सह्या घ्या. फाईल चार महिने लांबली तर लांबू दे.