काठावरचे काका

गेल्या शनिवारपासून आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला 'आडवे कॅप्टन' म्हणतात. कारण एक फोटो. थेम्स नदी उभी वाहते आहे, आमची बोट तिच्यात बरोबर आडवी आहे, आणि बोटीच्या टोकाला मी हात जोडून उभा आहे. मी हात जोडले नव्हते. मी दोराचा गुंता सोडवत होतो. पण फोटोत नमस्कारच दिसतो, आणि खाली कुणीतरी 'पुढच्या वर्षी लवकर या' लिहून ठेवलंय. त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. त्यात एक चेहरा माझ्या सख्ख्या मुलाचा.

भारतातून पाहुणे आले की थेम्सवर बोट घ्यायची, ही कल्पना बायकोची. लंडनजवळच्या मेडनहेडला दिवसापुरती छोटी मोटरबोट भाड्याने मिळते आणि ती चालवायला आपल्याला परवाना लागत नाही. गाडीच्या परवान्यासाठी ह्याच देशाने माझा जीव काढला होता. बोटीसाठी मिसरूड न फुटलेल्या एका मुलाने दहा मिनिटं समजावलं, सही घेतली आणि किल्ली दिली. उजव्या बाजूने चला. ताशी आठ किलोमीटरच्या वर जाऊ नका. लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणाऱ्या दोन दारांच्या हौदात, इंजिन बंद करा आणि दोर खुंटाला बांधू नका, नुसता वळसा देऊन हातात धरा. बांधलात तर पाणी उतरताना बोट दोराला लटकेल. मी विचारलं, "ब्रेक?" तो हसला. बोटीला ब्रेक नसतो. रिव्हर्स टाकायचा आणि वाट बघायची.

जाताना काही झालं नाही. बोल्टर्स लॉकमध्ये पाणी भरलं, आम्ही वर आलो, पुलावरच्या लोकांनी आमच्याकडे बघितलं, आम्ही त्यांच्याकडे. क्लिव्हडनच्या हवेलीखालची झाडी सुंदर आहे, पाहुण्यांनी तिचे फोटो काढले, मेव्हण्याने 'आपल्याकडे कोकणात ह्याच्यापेक्षा भारी आहे' हे वाक्य वेळेवर म्हटलं. कुकमचं लॉकही पार पडलं. मग भूक लागली. डबा होता, धपाटे होते, दही होतं. फक्त बोट कुठेतरी काठाला लावायची होती.

आणि लावायला जागा नाही. पाटी: 'खासगी'. पुढची पाटी: 'बोट लावू नये'. मग एका हिरवळीवर सोनेरी अक्षरांत दोन्ही. ह्या लोकांनी १२१५ साली राजाच्या मानेवर बसून मॅग्ना कार्टा, म्हणजे हक्कांची सनद, लिहून घेतला. तो घेतला तो रनीमीडला, ह्याच नदीच्या काठी, इथून थोडं खाली. त्यात एक कलमच आहे की थेम्समधले मासे धरायचे बांध काढून टाका. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी पाणी मोकळं केलं. काठाचं कलम घालायला मात्र कुणाला सुचलं नाही. परिणाम असा, की नदीतून जायचा हक्क तुम्हाला आहे, पण काठाला टेकायचं तर ज्याची जमीन त्याची परवानगी. लॉकजवळ थोड्या सरकारी जागा असतात. तिथे आदल्या दिवशीपासून कुणीतरी येऊन, कुत्रा बांधून, खुर्च्या टाकून, वाइन उघडून बसलेलं असतं. मला वाइनचा राग नाही. खुर्च्यांचा आहे.

बऱ्याच वर जाऊन हात हलवत परत फिरलो, तेव्हा मार्लो गावाच्या अलीकडे एका कुरणाच्या काठाला आमच्या बोटीएवढी फट दिसली. मी इंजिन कमी केलं आणि बोट तिकडे वळवली. बायको पुढच्या टोकावर दोर घेऊन, मुलगा मागे, मेव्हणा मधे, सल्ला द्यायला.

"दोर, दोर! अरे, तो दुसरा दोर!" बायको ओरडली.

काठावरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, हाफ स्वेटर, पायांत मुलाने घेऊन दिलेले असावेत असे पांढरेशुभ्र बूट. ते उठून उभे राहिले.

"मराठी काय तुम्ही?"

आम्ही पाण्यात होतो. मधलं अंतर एका बसएवढं असेल.

"हो!" बायको म्हणाली.

"मग बरं झालं. उलटं आणालाय तुम्ही!"

"काय?"

"अहो, बोट उलटी आणालाय! पाणी मागनं ढकलतंय न्हवं? तोंड वर करून आणायची असती. फिरवा की!"

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. ते बरोबर होते. प्रवाहाकडे तोंड करून बोट काठाला आणली की पाणीच ब्रेकचं काम करतं, हे मी त्या रात्री वाचलं. पण बरोबर असणं ही एक गोष्ट आणि ते नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल अशा कोल्हापुरी आवाजात सांगणं ही दुसरी. शिवाय त्या वेळी वारा होता. वाऱ्याबद्दल कुणीच काही बोलत नाही.

मी फिरवली. वेग कमी असला की सुकाणू नुसतं शोभेचं असतं. ते उजवीकडे फिरवा नाहीतर डावीकडे, बोट विचारात पडते. ती अर्धी वळली आणि थांबली. आडवी.

"गाव कुठलं?" काकांनी विचारलं.

"कराड," मी म्हणालो. का म्हणालो माहीत नाही. वडीलधाऱ्याने गाव विचारलं की तोंडातून आपोआप बाहेर पडतं, माणूस बुडत असला तरी.

"कराडात कुठं?"

"शनिवार पेठ."

"मग तुम्हाला पाण्याची भीती कशी? दोन-दोन नद्या तुमच्या दारात! रिव्हर्स मारा. मारा की. येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." आणि ते बाकाच्या पाठीवर थापा मारू लागले, एसटी मागे घेताना कंडक्टर पत्र्यावर मारतो तशा. "बास! बास म्हटलं! आता गेली."

गेली. त्याच वेळी वरून आठ वल्ह्यांची शर्यतीची होडी आली. तिच्यातले आठही जण उलटे बसलेले, त्यामुळे आम्ही त्यांना दिसायचा प्रश्न नव्हता. पुढे तोंड केलेली एकच मुलगी, ती किंचाळली. काठावरून सायकलीवर येणारा त्यांचा प्रशिक्षकही काहीतरी म्हणाला. इंग्रजीत होतं, लहान होतं, माझ्या मुलाला लगेच समजलं.

"बघा," काका रंगात येऊन म्हणाले, "आठ जण पाठ करून राबालेत. पुढं बघणारा एकच, आणि तो वल्हं मारत न्हाई, नुसता ओरडतो. ह्याला कार्यकारी अभियंता म्हणतात!"

ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. हे त्यांनी आम्ही आडवे असतानाच सांगितलं. मुलगा इकडे आयटीत, सून नोकरीला, दिवसभर घरात करायचं काय, म्हणून ते नदी 'चालत' होते. रोज एक तुकडा. मेडनहेडच्या वरून निघून विंडसर-ईटनला वळसा घालणारी ती जुबिली नदी त्यांनी आधी संपवली होती. ११.६ किलोमीटरचा पुराचं पाणी वळवायचा कालवा, २००२ मध्ये खुला केला. पण दिसायला अशी, की लोक तिला नदीच समजतात. "असली एक आमच्या पंचगंगेला पायजे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "२०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलंतं. आमच्या घरात पहिला मजला."

तेवढ्यात बायकोने दोर फेकला आणि काकांनी तो झेलला. सत्तरीच्या माणसाने असा झेललेला दोर मी पाहिला नाही. मी इंजिन बंद केलं, सुटकेचा श्वास सोडला आणि वाट बघू लागलो, की आता ते खुंटाला बांधतील.

त्यांनी बांधला नाही. त्यांनी तो हातात ठेवला आणि बोलायला लागले.

"इथली धोक्याची पातळी किती?" त्यांनी मला विचारलं.

"कल्पना नाही."

"कल्पना न्हाई? कोल्हापुरात शेंबड्या पोराला विचारा. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका." ४३ म्हणताना दोराचा हात वर गेला, बोटीच्या नाकाला हिसका बसला आणि मेव्हणा दह्यावर बसला. "राधानगरीचा एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक. सात दरवाजे. आपोआप उघडत्यात, सायबाची सही लागत न्हाई!" हात पुन्हा वर. "आणि ही तुमची थेम्स. सगळी मिळून ३४६ किलोमीटर. तेवढ्याला ह्यांनी ४५ लॉक घातलीत! नदी हाय का जिना?"

"काका, दोर," मी म्हणालो.

"हाय की, धरलाय. पण एक सांगतो, मान गेली खाली माझी. ऑक्सफर्डच्या वर मुलानं नेलंतं. तिथं बंधारा बघितला, लाकडी, हातानं फळ्या घालायच्या आणि हातानं काढायच्या. म्हटलं, अरे, हे तर आमचे बरगे! कोल्हापुरी बंधारा! पावसाळा संपला की घालायचे, पावसाळ्याच्या आधी काढायचे. निम्मी नोकरी माझी बरगे मोजण्यात गेली. चोरीला जात्यात ना. तिथल्या माणसाला विचारलं, तुमचे किती जात्यात? त्याला प्रश्नच कळंना."

इथे मला आतून खरंच राग येत होता, आणि त्याच वेळी बरगे चोरून माणूस त्यांचं नेमकं काय करतो, हे विचारायची अनावर इच्छाही होत होती. विचारलं असतं तर आम्ही अजून तिथेच असतो. शेवटी माझा मुलगा उडी मारून काठावर गेला, त्याने काकांच्या हातातून नम्रपणे दोर घेतला आणि खुंटाला बांधला. ह्या उडीच्या आधी, पूर्ण वेळ, तो काय करत होता? फोटो काढत होता.

धपाटे उघडले. काकांना दिले. काकांनी दोन घेतले, दह्याबद्दल हळहळ व्यक्त केली. तेवढ्यात कुरणाच्या टोकाकडून एक इसम चालत आला, गळ्यात पैसे घ्यायचं यंत्र. बोट लावायचे दहा पौंड. रात्रभर राहा नाहीतर दोन घास खा, दहाच. वीस मिनिटं मी मध्यात गटांगळ्या खात होतो तेव्हा हा माणूस कुठे होता? झाडाखाली उभा होता, बायकोने पाहिलं होतं त्याला. दोर धरायला तो आला नाही. गाठ बसल्यावर आला.

"टेन मिनिट्स ओन्ली, सर," काका पुढे झाले. "दे आर नॉट स्टेइंग. दे आर ईटिंग."

तो म्हणाला, सॉरी. ह्या देशात सॉरी म्हटलं की पैसे द्यावेच लागतात. मी कार्ड काढलं. यंत्राला रेंज नव्हती. तो यंत्र डोक्यावर धरून काठाने चालू लागला, मी कार्ड घेऊन त्याच्या मागे, आणि माझ्या मागे काका, त्याला धोक्याची पातळी विचारत. त्यालाही माहीत नव्हती. रोख घ्या म्हटलं तर रोख चालत नाही. एका काटेरी कुंपणाजवळ, एक हंस आमच्यावर फिस्कारत असताना, शेवटी रेंज आली.

"पावती घ्या," काका म्हणाले. "पावतीबिगर सरकारी माणसालासुद्धा एक पैसा द्यायचा न्हाई."

यंत्रातून पावती निघाली. ती त्यांनीच घेतली, चष्मा वर करून वाचली, नीट घडी घातली आणि स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली. मी म्हटलं, काका, ती माझी. ते म्हणाले, तुम्ही ठेवून काय करणार? कोल्हापुरात दाखवायला न्यायची आहे. नदीला नुसतं टेकायचे दहा पौंड घेतात, हे तोंडी सांगितलं तर तिथं कोण विश्वास ठेवणार?